निविदा भरा, पण अटी वाचून!

सरकारी खरेदीचे नाव काढले की आपले बहुतेक कापड व्यापारी हात झटकतात. 'तिथे सगळे आधीच ठरलेले असते,' हे वाक्य आम्ही नाशिक-मालेगावच्या बाजारात वर्षानुवर्षे ऐकत आहोत. त्यात तथ्य नाही असे नाही. पण ही तक्रार करणाऱ्यांपैकी किती जणांनी निविदेच्या अटी शेवटपर्यंत वाचल्या आहेत?

शालेय गणवेशाचेच उदाहरण घ्या. २०२४-२५ साली 'एक राज्य, एक गणवेश' योजनेत राज्य सरकारने कापडाची खरेदी एकत्र केली. एवढ्या मोठ्या निविदेत छोट्या व्यापाऱ्याला शिरकाव कुठला? १५ ऑगस्ट उलटला तरी अनेक शाळांत गणवेश पोचले नव्हते. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून हा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. म्हणजे हे काम पुन्हा गावोगावी आले. आता दरपत्रक आणि कापडाचा नमुना घेऊन समितीपुढे जायला कोणी अडवले आहे?

मोठ्या निविदांची गोष्ट वेगळी. तिथे आधी तांत्रिक लिफाफा उघडतो. त्यात एक दाखला कमी पडला तर दराचा लिफाफा उघडलाच जात नाही; मग दर कितीही कमी असो. दर भरतानाही वाहतूक, तपासणीचा खर्च, उशिराचा दंड आणि बिल अडकले तर लागणारे व्याज धरले पाहिजे. काम मिळवण्यासाठी पडता दर भरायचा आणि नंतर हलके कापड द्यायचे, हा धंदा नव्हे. काळ्या यादीत नाव गेले की साऱ्या बाजाराची अब्रू जाते.

केंद्र सरकारच्या २०१२ च्या धोरणानुसार केंद्रीय खात्यांनी व उपक्रमांनी आपल्या खरेदीपैकी २५ टक्के माल सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा आहे. त्यांना बयाणा रक्कमही माफ आहे. मात्र ही सवलत माल तयार करणाऱ्याला आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. मालेगावच्या यंत्रमागवाल्याजवळ माग आहे, उद्यम नोंदणीही होऊ शकते. भांडवल आणि कागदपत्रांची सवय नाही. व्यापाऱ्याजवळ या दोन्ही गोष्टी आहेत. मग कारखानदाराने निविदा भरावी, व्यापाऱ्याने सूत आणि भांडवल पुरवावे. दोघांनी आपापला हिस्सा आधीच लेखी ठरवावा, म्हणजे पुढे भांडण नको.

उलाढालीची अट अवास्तव असेल तर निविदापूर्व बैठकीत लेखी हरकत घ्यावी. मुदत संपल्यावर चहाच्या टपरीवर केलेली ओरड कोणी ऐकत नाही. सरकारनेही मोठ्या खरेदीचे जिल्हावार भाग पाडावेत, अशी आमची मागणी आहे.

आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांना इंग्रजी अटी परक्या वाटतात, हे खरे. पण आता घरोघरी शिकलेली मुले-मुली आहेत. दुकानाच्या गल्ल्याबरोबर निविदेची फाईलही त्यांच्या हाती द्यावी.