बगॅसमधले फरफ्युरल : आधी माणसे सांभाळू, मग नफा मोजू



बगॅसपासून फरफ्युरल काढण्याचा प्रकल्प आपणही करावा, असे बरेच सभासद आमच्यापाशी बोलतात. विचार चांगला आहे. पण पदार्थ काय आहे हे समजून न घेता नुसते "होऊ द्या" म्हणणे आम्हांस पटत नाही.

बगॅसच्या कोरड्या वजनात साधारण पाव हिस्सा पेंटोसन असते. आम्लाबरोबर, वाफेच्या दाबाखाली ते शिजवले की फरफ्युरल सुटते. 1922 साली अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनीने ओटच्या टरफलांपासून त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले. पुढे डॉमिनिकन प्रजासत्ताक व दक्षिण आफ्रिकेत ते बगॅसपासून निघू लागले. वंगणतेल शुद्ध करण्यास ते लागते. त्यापासून फरफ्युरिल अल्कोहोल होते आणि त्याची राळ ओतशाळेत वाळूचे साचे पक्के करते. म्हणजे मालाला गिऱ्हाईक आहे. मात्र शिजवायला वाफ लागते आणि उरलेला चोथा ओला असतो. तेव्हा वीज विकून मिळणारा पैसा किती घटेल, तेही त्याच कागदावर मांडले पाहिजे.

आता दुसरी बाजू. ताजे फरफ्युरल पाण्यासारखे रंगहीन असते, हवा लागली की तपकिरी होते. वास बदामासारखा, म्हणून माणूस फसतो. त्याची वाफ डोळे व घसा जाळते. कातडीतूनही ते अंगात भिनते. साधारण 60 अंशांला त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचून राहते. तीव्र आम्लाशी गाठ पडली तर भडका उडू शकतो.

आपल्याकडे तणनाशक उघड्या हाताने कालवायचे आणि तोंडाला उपरणे गुंडाळले की झाले, अशी रीत आहे. इथे ती चालायची नाही. उपरण्याने वाफ अडत नाही, त्याला योग्य गाळणीचा मुखवटाच लागतो. हातमोजे ब्यूटिल रबराचे हवेत. अंगावर सांडले तर कपडे लगेच उतरवून भरपूर पाण्याने धुवावे आणि डॉक्टरकडे जावे. रिकामी पिंपे पाण्याला किंवा पेंडीला घरी न्यायची नाहीत, आणि त्यांना वेल्डिंग तर मुळीच लावायचे नाही.

सांडपाण्यात ॲसेटिक आम्ल असते. ते तसेच ओढ्याला सोडले तर खालच्या विहिरी कोणाच्या आहेत? आपल्याच.

आमचे मत स्पष्ट आहे. प्रकल्प जरूर तपासावा. परंतु मुखवटे, हवा खेळती ठेवण्याची सोय, कामगारांचे शिक्षण आणि सांडपाण्याची शुद्धी हे खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात दिसले पाहिजेत. ते "पुढे बघू" या खात्यात टाकलेले असतील, तर सर्वसाधारण सभेत सभासदांनी हात वर करू नये. त्या पिंपांजवळ उभी राहणारी पोरे आपल्याच घरची असणार आहेत.