मिठानें येणारें आंधळेपण

रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळासच्या किनाऱ्यावर अंडीं घालावयास येणाऱ्या कासविणीच्या डोळ्यांतून पाणी पाझरत असतें. पाहणारास वाटतें, ती रडत आहे. वस्तुतः डोळ्यांजवळील ग्रंथींवाटे ती शरीरांतील जादा मीठ बाहेर टाकीत असते. सागरी सरपटणाऱ्या प्राण्यांतील या ग्रंथींचें कार्य श्मिट-नील्सन व फँगे या शास्त्रज्ञांनीं १९५८ सालीं प्रसिद्ध केलें.

आपल्या गोठ्यांतील गाईस किंवा दारच्या कुत्र्यास ही सोय नाहीं. त्यांच्या शरीरांतील जादा सोडियम मुख्यतः मूत्रपिंडांवाटेच जावयाचें, आणि त्यास पाणी हवें. गाईच्या आंबोणांत थोडें मीठ असावेंही; परंतु दावणीस बांधलेल्या जनावरास पाणीच मिळालें नाहीं, म्हणजे तेंच मीठ विष होतें. रक्तांतील सोडियम वाढून मेंदूच्या पेशींतील पाणी बाहेर ओढलें जातें. जनावर भिंतीस डोकें लावून उभें राहतें, वाटेंतील वस्तूंवर आदळतें, त्यास झटके येतात. डोळा मात्र निरोगी असतो! उजेड पडतांच बाहुली बहुधा आकुंचन पावते; पण डोळ्यानें पाहिलेलें ज्यास उमगावयाचें, तो मेंदूचा भागच काम करीनासा होतो. मग डोळ्यांत औषध घालून काय होणार?

याहून मोठा धोका आपल्या दयेंत आहे. दोनतीन दिवस तहानलेल्या जनावरापुढें भरलेली बादली ठेवली, तर तें ती एका दमांत रिती करतें. रक्त एकाएकीं पातळ होतें. पण वाढत्या मिठाशीं जुळवून घेतलेल्या मेंदूस तितक्या लवकर पालटतां येत नाहीं. पाणी त्यांत शिरून तो सुजतो, व जनावर दगावतें. म्हणून पाणी थोडें थोडें, वारंवार द्यावें, आणि पशुवैद्यास तत्काळ बोलवावें. सोडियम पूर्ववत् होण्यास दोनतीन दिवस लागूं द्यावे लागतात.

लोणच्याचा उरलेला खार आंबोणांत ओतूं नये. कुत्र्यास ओकारी व्हावी म्हणून मिठाचें पाणी पाजण्याची जुनी चालही सोडावी.

एकत्र कुटुंबांत जें काम सर्वांचें, तें पुष्कळदां कोणाचेंच नसतें. गोठ्यांतील पाणी रोज कोणीं पाहावयाचें, हें घरांतील वडीलधाऱ्यांनीं नांव घेऊन ठरवून द्यावें. मुक्या जनावरास तहान बोलून दाखवितां येत नाहीं.