फायरवॉल बंद करून प्रिंट काढणारे आपण

हॉल तिकिटाची लिंक सुरू झाली की तुमच्या घरात काय होतं, आठवून बघा. पीडीएफ तुमच्या लॅपटॉपवर, प्रिंटर पुढच्या खोलीत. तुम्ही प्रिंटचं बटण दाबता आणि स्क्रीन सांगते, ‘प्रिंटर ऑफलाइन’. उठून बघायला जाता. प्रिंटरचा दिवा हिरवा. कागद आहे, शाई आहे, तरी ऑफलाइन. मग लॅपटॉप बंद करून चालू, प्रिंटर बंद करून चालू, आणि शेवटी पायात चप्पल घालून कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान.

दुकानात जाण्यात वाईट काही नाही. पण तिथं आपण करतो काय? दुकानाच्या व्हॉट्सॲपवर आधार कार्ड, मार्कमेमो, बँकेचं पासबुक पाठवतो, प्रिंट हातात आली की पाच-दहा रुपये देतो आणि फायली तिथंच सोडून घरी येतो. घरी प्रिंटर घेण्याचं एक कारण हेच असतं, की आपली कागदपत्रं आपल्या घरात राहावीत. आणि मग तोच प्रिंटर घरातल्या सगळ्यांना वाय-फायवर चालावा म्हणून आपण असे काही उपाय करतो, की त्यापेक्षा ते दुकान परवडलं.

यूट्यूबवर ‘प्रिंटर शेअरिंग प्रॉब्लेम’ शोधून बघा. कुणीतरी भैया तीन मिनिटांत सोडवून देतो. फायरवॉल ऑफ करा. ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ ऑफ करा. ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल द्या. तरी नाही जमलं तर रजिस्ट्रीत जाऊन ही एक किंमत शून्य करा. (काही जण अजून ‘होमग्रुप’ शोधायला सांगतात. ते विंडोज १० मधून २०१८ मध्येच काढून टाकलंय, शोधत बसा.) प्रिंट निघते, आपण खूश. मग हे सगळं परत चालू कोण करतं? कुणीच नाही. चाललंय ना, कामून हात लावायचा? कुलूप अडकलं म्हणून दारच बिजागरीसकट काढून ठेवावं, तशातला हा प्रकार.

तुम्ही म्हणाल, घरातल्या घरात काय होतंय एवढं? बाहेरचा माणूस थोडाच आत येणार? अर्धं बरोबर आहे. घरच्या राऊटरमुळे इंटरनेटवरचा कुणीही उठून थेट तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचत नाही. पण लॅपटॉप घरात बसून राहतो का? तोच लॅपटॉप घेऊन तुम्ही अभ्यासिकेत जाता. परभणीत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. एका हॉलमध्ये पन्नास पोरं, सगळ्यांना एकच वाय-फाय, आणि त्याचा पासवर्ड भिंतीवर मार्करने लिहिलेला. फायरवॉल बंद, पासवर्ड बंद, ‘एव्हरीवन’ला मोकळीक, अशा अवस्थेत लॅपटॉप तिथं उघडला की ‘एव्हरीवन’ म्हणजे खरोखर सगळे. हॉस्टेलचं वाय-फाय तेच, स्टेशनवरचं फुकटचं वाय-फाय तेच.

शिवाय त्या लॅपटॉपमध्ये फक्त तुमचं काय असतं? सेलू घ्या, जिंतूर घ्या, गंगाखेड घ्या, ज्या घरात प्रिंटर आहे ते घर गल्लीचं अर्धं सेवा केंद्र झालेलं असतं. काकांचा पीक विमा, शेजारच्या ताईचा लाडक्या बहिणीचा फॉर्म, मित्राची महाडीबीटीची स्कॉलरशिप, मामाचा सातबारा आणि आठ अ. सगळं तुमच्या ‘डाऊनलोड्स’मध्ये पडलेलं. एखाद्या फोल्डरचं नाव ‘आधार सगळ्यांचे’ असंसुद्धा असतं. त्या लोकांनी तुमच्यावर विश्वास टाकलाय. ‘एव्हरीवन’वर टाकलेला नाही.

प्रिंटरच्या वाटेनं कुणी शिरेल हे सिनेमातलं वाटत असेल तर दोन गोष्टी ऐका. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट नावाचा व्हायरस इराणच्या अणुकेंद्रापर्यंत पोचला, त्याच्या पसरण्याच्या वाटांपैकी एक वाट विंडोजची प्रिंटिंग व्यवस्था होती. (त्यानं बिघडवली ती यंत्रणा जर्मन कंपनीची. ‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) दुसरी गोष्ट अलीकडची. २०२१ च्या जूनअखेरीस विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधला एक दोष जगापुढे आला, त्याला नाव पडलं ‘प्रिंटनाइटमेअर’. स्पूलर म्हणजे प्रिंटची रांग लावणारा कारकून. पण या कारकुनाच्या हातात अख्ख्या कॉम्प्युटरच्या किल्ल्या असतात. नेटवर्कवर साधा प्रवेश असलेला माणूस त्याला फसवून पूर्ण मशीन ताब्यात घेऊ शकत होता. मायक्रोसॉफ्टनं महिन्याच्या ठरलेल्या तारखेची वाट न बघता ६ जुलैपासून तातडीची दुरुस्ती द्यायला सुरुवात केली. विंडोज ७ चा सपोर्ट २०२० च्या जानेवारीतच संपला होता, तरी त्यालासुद्धा ती दिली. यावरून काय ते समजा.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटनंतर जगभरातले शेअर केलेले प्रिंटर अडायला लागले. शेवटी ‘११बी’ असलेली ती एरर तुम्हीही पाहिली असेल. झालं होतं असं, की दोन कॉम्प्युटर प्रिंटरबद्दल एकमेकांशी बोलतात ते बोलणं सुरक्षित पद्धतीनंच झालं पाहिजे अशी सक्ती त्या अपडेटनं केली. एका कॉम्प्युटरवर अपडेट आहे, दुसऱ्यावर नाही, की जुळत नाही. उपाय सरळ होता: दोन्हीकडे अपडेट टाका. आपल्याकडे मात्र प्रसिद्ध झाली ती रजिस्ट्रीतली ‘किंमत शून्य करा’वाली युक्ती. ती ही सक्तीच काढून टाकते. आजार बरा झाला नाही, थर्मामीटर फोडला.

मग खरा आजार काय? बहुतेक वेळा फार साधा असतो. आणि आपल्याकडे त्याचं नाव आहे, लाईट.

आधी एवढं बघा, की तुमचा प्रिंटर दोन्हींपैकी कोणत्या प्रकारचा आहे. एक, जो यूएसबी वायरनं एका कॉम्प्युटरला जोडलाय आणि तो कॉम्प्युटर तो इतरांना वाटतोय. तिथं तो कॉम्प्युटर चालू आणि जागा असावा लागतो. प्रिंटरचा दिवा हिरवा आहे, पण त्याचा मालक स्लीप मोडमध्ये घोरतोय, हे निम्म्या तक्रारींचं उत्तर असतं. त्याची झोपायची वेळ सेटिंगमध्ये लांबवा, संपलं. दोन, जो प्रिंटर स्वतःच वाय-फायवर आहे. खरी गंमत याच्यात आहे.

राऊटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. स्टेशनजवळच्या लॉजसारखं समजा. मॅनेजर आलेल्याला खोली देतो, रजिस्टरमध्ये लिहितो. प्रिंटरला मिळाली पाच नंबरची खोली. तुमच्या लॅपटॉपनं लक्षात ठेवलं, प्रिंटर म्हणजे पाच नंबर. मे महिन्यात दुपारी वारा सुटतो, लाईट जाते. इन्व्हर्टरवर पंखा असतो, ट्यूब असते, राऊटर मात्र बहुतेक घरांत नसतो. लाईट आली की बऱ्याच राऊटरचं रजिस्टर कोरं झालेलं असतं, आणि जो आधी आला त्याला आधी खोली. बाबांचा मोबाईल पाच नंबरमध्ये जाऊन बसतो, प्रिंटर आठमध्ये. तुमचा लॅपटॉप इमानदारीत पाच नंबरचं दार वाजवत राहतो. मोबाईल कशाला प्रिंट काढतोय? ‘प्रिंटर ऑफलाइन’.

म्हणून ड्रायव्हर काढून परत टाकला की प्रिंटर चालायला लागतो. ड्रायव्हरला काहीच झालेलं नसतं. नव्यानं टाकताना लॅपटॉप प्रिंटरला नव्यानं शोधतो, एवढंच. पुढच्या वेळी लाईट गेली की पुन्हा तेच. दिवसातून दोनदा लाईट जाणाऱ्या गावात तुम्ही किती वेळा ड्रायव्हर टाकणार?

यावरचा उपाय राऊटरमध्ये आहे. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ अशा नावाचा पर्याय असतो. पाच नंबरची खोली कायमची प्रिंटरची, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, असं मॅनेजरला एकदाच सांगायचं. प्रिंटरचा आत्ताचा नंबर त्याच्या मेनूत दिसतो, किंवा बटण दाबून नेटवर्कची माहिती कागदावर छापता येते. मग लॅपटॉपवर प्रिंटर जोडताना ‘आयपी ॲड्रेसनं जोडा’ हा पर्याय निवडून तोच नंबर द्यायचा. वीस मिनिटांचं काम.

लाईटचा दुसरा प्रताप असा. लाईट गेल्यावर तुम्ही लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडता. लाईट येते, राऊटर सुरू होतो, लॅपटॉप मात्र हॉटस्पॉटवरच. प्रिंटर एका नेटवर्कवर, तुम्ही दुसऱ्यावर, आणि शोधाशोध चालू. तसंच फायबर घेतल्यावर त्यांच्या डब्यालाच जुना राऊटर जोडून ठेवला असेल तर घरात दोन नेटवर्क झालेली असू शकतात. राऊटरमधलं ‘गेस्ट’ वाय-फायही वेगळंच असतं, त्यावरून प्रिंटर दिसत नाही. खात्री करायची तर काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ टाईप करा. लॅपटॉपच्या नंबरातले पहिले तीन आकडे प्रिंटरच्या नंबराशी जुळतात का बघा. जुळत नसतील तर बाकी काहीही करून उपयोग नाही. जुळत असतील तर ‘पिंग’ टाईप करून पुढे प्रिंटरचा नंबर द्या. उत्तर आलं म्हणजे रस्ता मोकळा आहे. आपल्याकडे एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट नसलेलं घर सापडणं अवघड, आणि हा एक शब्द कधी टाईप केलेला माणूस सापडणं त्याहून अवघड.

आता फायरवॉलचं. यूएसबीवाला प्रिंटर वाटायला फायरवॉल बंद करायची गरजच नसते. विंडोज प्रत्येक वाय-फायला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ समजतं. विंडोज ११ नव्या वाय-फायला आपणहून पब्लिक धरतं आणि तुम्हाला लपवून ठेवतं. घरच्या वाय-फायला तेवढं प्रायव्हेट करा आणि त्यात प्रिंटर शेअरिंग चालू करा. अभ्यासिकेचं वाय-फाय पब्लिकच राहू द्या. म्हणजे एकाच लॅपटॉपला घरात दार उघडं आणि बाहेर कडी, हे आधीपासून करून ठेवलेलं आहे. आपण ते न वापरता भिंत पाडतो.

पासवर्डची तक्रार मात्र मला पटते. दुसऱ्या कॉम्प्युटरचा प्रिंटर जोडताना विंडोज नाव आणि पासवर्ड मागतं, तुम्ही रोजचा चार आकडी पिन टाकता, ते नाही म्हणतं. दहा वेळा टाका, नाहीच म्हणणार. कारण पिन फक्त त्या एका मशीनसमोर बसल्यावर चालतो, नेटवर्कवरून नाही. तिथं खात्याचा खरा पासवर्ड लागतो, जो खातं उघडताना एकदा टाकला आणि विसरला. हे स्क्रीनवर एका ओळीत लिहायला काय झालं होतं? इथंच माणूस वैतागून पासवर्डच काढून टाकतो. त्यापेक्षा ज्या कॉम्प्युटरला प्रिंटर जोडलाय त्यावर ‘प्रिंटर’ नावाचं एक साधं खातं काढा, त्याला पासवर्ड द्या आणि घरातल्यांनी तेच वापरा. २०२४ च्या अपडेटपासून विंडोज ११ प्रो तसंही बिनापासवर्डाच्या ‘गेस्ट’ शेअरिंगला आपणहून नकार देतं, त्यामुळे ती जुनी युक्ती आता चालेलच असं नाही. आणि तो यूएसबीवाला कॉम्प्युटर विंडोज १० वर असेल, तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. प्रिंटरला स्वतःचं वाय-फाय असेल तर त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावरून तो उतरवलेलाच बरा.

वर मी राऊटरच्या सेटिंगमध्ये जा म्हणाले खरं, पण बहुतेकांची गाडी तिथंच अडेल. राऊटर तुमच्या घरात, बिल तुम्ही भरता, आणि आतल्या सेटिंगचा पासवर्ड वायर जोडून गेलेल्या मुलाकडे. वाय-फायचा नव्हे, राऊटरचा. विचारलं की उत्तर येतं, ‘तुम्हाला काय करायचंय, प्रॉब्लेम आला की फोन करा.’ आपण फोन करतो. तो दोन दिवसांनी येतो. काही ठिकाणी तर गावातल्या सगळ्या घरांना त्यानं एकच पासवर्ड ठेवलेला असतो, कारण त्यालाही लक्षात ठेवायचं असतंच. आपल्या घराच्या किल्लीबद्दल हे आपण एक दिवस तरी चालवून घेतलं असतं का?

कधी कधी तो डब्याच्या खालच्या स्टिकरवरच छापलेला असतो, आधी उलटा करून बघा. तिथं नसेल, किंवा असून चालत नसेल, तर पुढच्या वेळी तो मुलगा वायर बघायला येईल तेव्हा चहा ठेवा, समोर बसा आणि पासवर्ड वहीत लिहून घ्या. मग त्याच्यासमोरच बदला. ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ कुठं आहे तेही तेव्हाच विचारा. त्याला माहीत असतं, फक्त आजवर कुणी विचारलेलं नसतं.