भिंतीला चिकटवलेला पैसा

कापडाचा व्यापारी लाकडी पॅनेलवर लिहू लागला तर वाचकांना नवल वाटेल. पण हा विषय आमच्या खिशातून गेला आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही भाड्याच्या दुकानाचे आतले काम करून घेतले. फरशी चकचकीत, दर्शनी बाजूला काच, भिंती गुळगुळीत. चार गिऱ्हाइके एकदम बोलू लागली की सांगितलेला भावही ऐकू येईना. तेव्हा आवाज शोषणारी लाकडी पॅनेल लावली. उभ्या पट्ट्या, मागे काळा नमदा. दिसायला देखणी, आणि गोंगाटही खरोखर बसला. पुढे मालकाने मुदत वाढवली नाही. आम्ही मिस्त्रींना म्हटले, "उस्ताद, पॅनेल उतरवून घ्या, नव्या जागेत लावू." ते म्हणाले, "शेठ, सोल्यूशनने चिकटवलंय. निघेल, पण तुकड्यांत." तसेच झाले. सोबत प्लास्टर आले, आणि ते भरून देण्याचा खर्चही आमच्याच माथी पडला.

यात मिस्त्रींचा दोष नव्हता. काम आठवड्यात हवे आणि स्वस्तात हवे, हे आम्हीच सांगितले होते. उतरवण्याचा विचार ना आम्ही केला, ना त्यांना कोणी विचारला.

आमच्या बाजारात एक गैरसमज आहे की लाकूड आवाज खाते. गुळगुळीत लाकूड तर बराचसा आवाज परत फेकते. खाणारा असतो तो मागचा नमदा किंवा लोकर, म्हणजे आमच्याच जातीचा माल! पट्ट्यांच्या फटींतून आवाज आत शिरतो, तंतूंमध्ये घासतो आणि तिथेच जिरतो. हे शास्त्र उभे राहिले तेही कापडाच्या जोरावर. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयात नवे व्याख्यानगृह झाले, पण शब्द कळेनात; बोललेला आवाज साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण अध्यापकाने जवळच्या सँडर्स थिएटरच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, मांडल्या, मोजमाप केले आणि सकाळी परत नेऊन ठेवल्या. त्यातून निघालेले सूत्र आजही चालते. खोलीचे घनमीटर घ्यावेत, ०.१६१ ने गुणावेत आणि शोषणाच्या एकूण आकड्याने भागावे. उत्तर येते ते आवाज किती सेकंद घुमेल याचे.

उदाहरण घेऊ. १५ मीटर लांब, १० रुंद, ४ उंच असा लग्नाचा हॉल म्हणजे ६०० घनमीटर. नुसते प्लास्टर आणि फरशी असेल तर रिकाम्या हॉलमध्ये आवाज पावणेपाच सेकंदांच्या आसपास घुमतो. उर्दू शाळेत आम्ही 'सदा-ए-बाजगश्त' हा शब्द मोठ्या कौतुकाने शिकलो होतो. अशा हॉलमध्ये तो कौतुकाचा राहत नाही. विजापूरच्या गोल घुमटात ऐकायला लोक दुरून जातात, पण तिथे कोणाला हिशेब समजावून सांगायचा नसतो. याच हॉलमध्ये चांगल्या प्रतीचे ६० चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेसहाशे चौरस फूट पॅनेल लावले तर घुमणे दीड सेकंदावर येते. माणसे बसली की आणखी कमी. मात्र पॅनेलने शेजाऱ्याकडे जाणारा आवाज थांबत नाही. गिऱ्हाइकाला तसे सांगून माल विकणारे आहेत, आणि पुढे भांडण मिस्त्रीच्या दारात येते.

आता आमच्या मुद्द्याकडे. तेच पॅनेल भिंतीला सपाट न चिकटवता ५० मिलिमीटरच्या चौकटीवर, मागे पोकळी ठेवून लावले तर ते जाड, खालचे आवाजही अधिक खाते. आणि चौकटीवर लावलेले पॅनेल स्क्रूने बसते व स्क्रूने निघते. याहून सोपी रीत म्हणजे एकच पट्टी तिरकी, ४५ अंशांत चिरावी. एक अर्धी भिंतीला, दुसरी पॅनेलच्या पाठीला लावावी, आणि पॅनेल नुसते वर टांगावे. जे काम आवाजाला चांगले, तेच पुन्हा वापरायलाही चांगले. असा योग धंद्यात क्वचित येतो. लाकडी जिना नाही की जागेवरच घडवावा. एका मापाची पॅनेल असतील तर दुकान बदलले, शाळा वाढली, हॉल विकला तरी माल सोबत जातो. पाठीवर नंबर टाकावा आणि तो वहीत उतरवावा, एवढाच खटाटोप.

याला बाजार आहे का? भारतीय हरित इमारत परिषद २००१ मध्ये स्थापन झाली आणि 'गृह' ही मानांकन पद्धत २००७ पासून देशाची म्हणून स्वीकारली गेली. अशा मानांकनांत पुन्हा वापरलेल्या मालाला, बांधकामाचा कचरा कमी करण्याला आणि घातक वायू कमी सोडणाऱ्या मालाला गुण मिळतात. त्या गुणांसाठी वास्तुविशारद असा माल शोधतात. एमडीएफ जोडणाऱ्या बऱ्याच डिंकांतून सुटणारे फॉर्मल्डिहाइड माणसाला कर्करोग करणारे आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच ठरवले. म्हणून जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या सागाकडे आम्ही बोट दाखवतो. तुळया, वासे, दारांच्या चौकटी पाडकामातून वखारीत येतात. हे लाकूड मुरलेले असते, पुन्हा फारसे वाकत नाही. पट्टी काढण्याआधी मात्र प्रत्येक खिळा शोधून उपटावा, नाहीतर करवत जाते. वाळवी किंवा भुंगा लागलेला तुकडा बाजूला ठेवावा. जुन्या रंगात शिसे असू शकते, तो सुका घासून कारखानाभर धूळ करू नये. कोकणच्या हवेत पट्टी फुगते, तिला जागा सोडावी.

नमद्याचे काम तर आमच्याच हातचे. इंग्लंडमधील बॅटली गावात १८१३ च्या सुमारास जुन्या लोकरीच्या चिंध्या पिंजून नवे कापड होऊ लागले. आज पानिपत त्याच धंद्यावर नाव कमावून आहे. भिवंडी-मालेगावच्या कातरणीतून सुईने ठोकलेला नमदा होऊ शकतो. पण साधे सूत लवकर पेटते आणि पॉलिस्टर वितळून गळते. आगरोधक प्रक्रिया आणि चाचणीचा दाखला नसेल तर दुकानात किंवा हॉलमध्ये तो लावू नये. इथे आम्ही कंजुषीच्या सक्त विरोधात आहोत.

चौकटीचे काम चिकटवण्यापेक्षा महाग पडते, आणि एकाच जागी तीस वर्षे बसणाऱ्याला कदाचित ते परवडणार नाही. भाड्याच्या जागेतल्या व्यापाऱ्याचा हिशेब वेगळा आहे. नव्या जागेत आम्ही पॅनेल टांगून लावून घेतली. मिस्त्रींनी दर सांगताना पुढे कधी उतरवायची झाली तर त्याची मजुरीही वेगळी लिहून दिली. आम्ही ती घासाघीस न करता मान्य केली.