बेइका कुठे आहे?

मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्या बहिणीचा मुलगा आमच्याकडे आठ दिवस राहायला आला होता. वय बारा. आल्या संध्याकाळीच माझा मोबाइल घेऊन नकाशा उघडून बसला. "खाला, टोकियोत बेइका कुठे आहे? सापडतच नाही." मी म्हटलं, स्पेलिंग चुकलं असेल. त्यानं तीन तऱ्हेनं लिहून पाहिलं. टोकियो सापडलं, उपनगरं सापडली, बेइका काही नाही.

त्याच रात्री बहिणीचा फोन आला. "आपा, तो ते जपानी कार्टून लावून बसला असेल तर बंद कर. दर भागात एक खून! असल्या गावात कुणी राहत असेल का?"

म्हणजे आई आणि लेक, दोघांचा प्रश्न एकाच गावाबद्दल. तेव्हा या महिन्याचं सदर त्या गावाला. वाचक भगिनींपैकी ज्यांच्या घरात 'डिटेक्टिव्ह कोनान' शिरला आहे त्यांना हे कामाला येईल. ज्यांच्या घरात तो अजून शिरला नाही, त्यांनीही वाचून ठेवावं. मुलं दहा-बाराची झाली की तो कुठून ना कुठून येतोच.

ही मूळची चित्रकथा, जपानीत मांगा म्हणतात ती. गोशो आओयामा या चित्रकारानं ती जानेवारी १९९४ मध्ये 'शोनेन संडे' या साप्ताहिकात सुरू केली. शंभरावा खंड २०२१ मध्ये आला, तरी गोष्ट संपलेली नव्हती. टीव्हीवर ती १९९६ पासून आहे. इंग्रजी खंड 'केस क्लोज्ड' या नावानं मिळतात आणि ते उजवीकडून उघडतात. माझ्या नणंदेच्या मुलाला हे विचित्र वाटलं होतं. आमच्या अब्बांना मात्र अजिबात नाही. त्यांनी उर्दू पुस्तक उचलावं तसं उचललं आणि चित्रं बघत बसले.

गोष्ट थोडक्यात अशी. शिनिची कुदो हा शाळकरी पोरगा, पण पोलिसांनाही सल्ला देईल असा हुशार. मैत्रिणीबरोबर ट्रॉपिकल लँड नावाच्या बागेत झोके-पाळणे खेळायला जातो. तिथं काळ्या कपड्यांतल्या दोन माणसांचा काळा व्यवहार त्याच्या नजरेला पडतो. ते त्याला विष पाजतात, पण तो मरत नाही, त्याचं शरीर लहान मुलाएवढं होतं. मग तो कोनान एदोगावा हे नाव घेऊन त्याच मैत्रिणीच्या घरी राहतो. तिचे वडील खाजगी गुप्तहेर आहेत, पण बेताचे. खरा गुन्हेगार शोधतो हा पोरगा आणि नाव होतं वडिलांचं. कोनान हे नाव शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या आर्थर कॉनन डॉयल यांचं. एदोगावा हे जपानी रहस्यकथाकार एदोगावा रानपो यांचं.

हे सगळे राहतात ते बेइकात. ट्रॉपिकल लँड खोटी, आणि बेइकाही खोटं.

पण किती विचार करून खोटं! माझा एक दिवस यातच गेला. लंडनच्या बेकर स्ट्रीटवर २२१बी क्रमांकात शेरलॉक होम्स राहायचा, हे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. आता जपानमध्ये बहुतेक रस्त्यांना नावच नसतं. पत्ता सांगतात तो वस्तीवरून. आधी 'चो', म्हणजे आपला मोहल्लाच म्हणा. मग त्या मोहल्ल्याचा कितवा भाग तो 'चोमे', आणि मग घरांच्या गटाचा आकडा. जपानी कथेत बेकर 'स्ट्रीट' उभा करून चालणार नाही, मोहल्लाच हवा. म्हणून बेकरचं झालं बेइका. अक्षरं लिहिली तांदूळ आणि फूल यांची, दिसायला अगदी साधंसुधं जपानी नाव. शिनिचीच्या घराचा पत्ता आहे बेइका-चो, २ चोमे, २१. दोन, एकवीस आणि बेइकाचा ब. भाच्याला हे कागदावर लिहून दाखवलं तेव्हा तो गादीवरून उडालाच.

शेजारचा मोहल्ला हाइदो, लंडनच्या हाइड पार्कवरून. गावातून वाहते ती तेइमुझू नदी, म्हणजे आपली टेम्स. तिच्या नावाची अक्षरं सुटी वाचली तर अर्थ होतो बांध, नाही, बंदर. अर्थ कसाही असो, कानाला टेम्स लागली पाहिजे. मुलांची शाळा तेइतान. हे कुठून आलं म्हणाल तर जपानीत गुप्तहेराला 'तानतेइ' म्हणतात. दोन तुकडे उलटे करा, झालं तेइतान. मैत्रिणीच्या घराखाली कॉफीचं दुकान आहे त्याचं नाव पोआरो, अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या गुप्तहेराचं. टोकियो टॉवरच्या जागी तोतो टॉवर, तोतो म्हणजे पूर्वेची राजधानी. आकाशाला टेकणाऱ्या नव्या मनोऱ्याच्या जागी बेल ट्री टॉवर. तो बांधणारं श्रीमंत घराणं सुझुकी, आणि सुझुकी हे आडनाव ज्या अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थच घंटा आणि झाड.

तर बेइका हे लंडनच्या एका तुकड्याला जपानी कपडे चढवून टोकियोत बसवलेलं गाव आहे. गंमत पुढेच आहे. ज्या पत्त्याची ही नक्कल, तो पत्ता तरी खरा होता का? होम्सची पहिली कथा १८८७ ची. त्या काळी बेकर स्ट्रीटवरचे क्रमांक २२१ पर्यंत पोहोचतच नव्हते. पुढे १९३० नंतर रस्त्याचे क्रमांक नव्यानं लागले. एका गृहकर्ज संस्थेच्या मोठ्या इमारतीच्या वाट्याला जे आकडे आले त्यांत २२१ आला आणि तिथं जगभरातून होम्सच्या नावानं पत्रं यायला लागली. संस्थेनं त्यांची उत्तरं द्यायला खास माणूस नेमला. आज त्याच रस्त्यावर होम्सचं संग्रहालय आहे, १९९० पासून. दारावर २२१बी लिहिलं आहे. पण घर उभं आहे ते २३७ आणि २४१ या क्रमांकांच्या मधे. कथेत कोनान एकदा लंडनला जातो आणि याच रस्त्यावर हरखून उभा राहतो. खोट्या बेइकातला खोटा पोरगा, खऱ्या रस्त्यावरचा खोटा पत्ता बघतोय.

आता बहिणीच्या प्रश्नाकडे येते. दर भागात खून, हे खरंच आहे. बेइका हे जगातलं सर्वांत धोक्याचं गाव, असा विनोद ही चित्रकथा वाचणारे स्वतःच करतात. २०१७ पासून तर या विनोदावरच एक वेगळी चित्रकथा निघाली, 'गुन्हेगार हान्झावा' अशा अर्थाच्या नावाची, दुसऱ्या चित्रकाराची. कोनानमध्ये गुन्हेगार ओळखला जाईपर्यंत काळ्या सावलीसारखा काढतात. ती काळी सावलीच इथं नायक. कुणाचा तरी जीव घ्यायचा म्हणून खेड्यातून बेइकात येते आणि गावाचे हाल बघून तिलाच धडकी भरते.

हसू येतं. पण भाचा एकदम म्हणाला, "बरंय ना खाला, खरं गाव नाहीये. नाहीतर तिथल्या मुलांना शाळेत सगळे चिडवले असते."

मी हातातलं काम ठेवलं. या घरात असं बोलायला बारा वर्षांच्या मुलालाही शिकवावं लागत नाही. मी डी.एड.ला असताना एका शहरात खोली शोधत होते. घरमालकीणबाई भल्या होत्या, चहा दिला, भाडं ठरलं. मग विचारलं, "मूळच्या कुठल्या?" मी गाव सांगितलं, मोहल्ला सांगितला. त्या वर्षी आमच्या मोहल्ल्याचं नाव एका प्रकरणात पंधरा दिवस वर्तमानपत्रात होतं. बाई "हो का" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी निरोप आला की खोली पुतण्याला लागणार आहे. त्या प्रकरणाशी आमच्या गल्लीतल्या कुणाचा काडीचा संबंध नव्हता, हे पुढे वर्तमानपत्रात आलंही असेल, आतल्या पानावर. मोहल्ल्याचं नाव इथंही लिहीत नाही. तिथं आता माझ्या चुलतभावाच्या मुली लग्नाच्या झाल्या आहेत.

तीस वर्षं रोज प्रेतं पडतात, पण बेइकातल्या कुणाची खोली गेली नाही, कुणाची सोयरीक मोडली नाही. आओयामांनी याच हेतूनं खोटं गाव घेतलं, असं मी म्हणणार नाही. त्यांना होम्सचं वेड, नावं त्यातून आली. शिवाय ओसाका आणि क्योतो ही शहरं कथेत खऱ्या नावानं येतात, तिथंही खून होतात. पण तिथं पाहुण्यासारखं जाऊन यायचं. रोजचं रक्त सांडतं ते ज्याला नकाशात जागा नाही अशा मोहल्ल्यात.

आमच्या अब्बांच्या ट्रंकेत इब्ने सफी यांची 'जासूसी दुनिया' आहे. १९५२ साली अलाहाबादहून सुरू झालेली, पानं पिवळी. मी त्यांना विचारलं, फरीदी आणि हमीद कुठल्या शहरात काम करतात? अब्बा चष्मा काढून विचार करत राहिले. "शहर आहे. बंदर आहे, क्लब आहेत, रस्ते आहेत. नाव?" नाव येतच नाही. शकराल, झीरोलँड ही नावं येतात, पण ती इब्ने सफींनीच रचलेली. चाळीस वर्षं वाचून अब्बांच्या हे ध्यानात आलं नव्हतं.

आता आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यांत आवडली. आओयामा जन्मले तोत्तोरी प्रांतात, दाइएइ नावाच्या गावी. जपानमधला सर्वांत कमी वस्तीचा प्रांत तो. २००५ मध्ये दाइएइ शेजारच्या गावात मिळवलं गेलं आणि होकुएइ हे नवं नाव आलं. वस्ती चौदा हजारांच्या आसपास, कलिंगडं नावाजलेली. या गावानं कोनानला दत्तकच घेतलं. स्टेशनाला कोनान स्टेशन म्हणतात, रस्त्याकडेला त्याचे पुतळे, पुलाचं नाव कोनान, आओयामांच्या चित्रांचं संग्रहालय २००७ पासून आहे. तोत्तोरीच्या विमानतळाच्या नावातही २०१५ पासून कोनान आहे. आणि गावात एक छोटा बाजार उभा केला आहे, नाव बेइका बाजारपेठ. पोआरो कॉफीचं दुकानही आहे. नकाशात भाच्यानं बेइका टोकियोत शोधलं, ते दूर तोत्तोरीत निघालं. जगातल्या सर्वांत बदनाम गावाचं नाव लोकांनी हौसेनं दारावर लावलं आहे आणि पाहुणे तिथं फोटो काढायला जातात.

बहिणीला मी काय सांगितलं? दहाच्या आतल्या मुलांना नको. विष, सुरे, प्रेतं आहेतच, आणि रात्री घाबरणारं मूल असेल तर बारालाही नको. पण एकट्यानं मोबाइलवर बघण्यापेक्षा खंड हातात द्यावा आणि मधूनमधून शेजारी बसावं. सातव्या खंडात त्सुकिकागे नावाच्या बेटाची गोष्ट आहे. बेटही रचलेलंच, नावाचा अर्थ चांदणं. तिथं कोनानला गुन्हेगार सापडतो, पण तो जळत्या घरात पियानो वाजवत बसून राहतो आणि कोनानला त्याला वाचवता येत नाही. हे ओझं तो पुढच्या खंडांतही वागवतो. ती गोष्ट मी भाच्याबरोबर वाचली. शेवटी तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पकडलं तरी हरला ना तो." बहिणीला हे सांगितलं तेव्हा तिनं फक्त "बरं" म्हटलं. बंदी उठली का ते अजून कळलेलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी त्यानं स्वतःचा गुप्तहेर काढायला घेतला. पहिल्या पानावर नकाशा. वरती आमच्याच मोहल्ल्याचं नाव लिहिलं होतं, ते खोडरबरानं घासून पुसलं. कागद थोडा फाटला. नवं नाव काय ठेवायचं यावर आम्ही दोघं आणि अब्बा रात्री अकरापर्यंत बसलो. नदीचं नाव जमलं. गावाचं तो फोनवर सांगणार आहे.