लॅपटॉपची धाप व नागपूरचा उन्हाळा

मे महिना लागला कीं नागपुरांतील घरांचा दिनक्रम बदलतो. सकाळचीं कामें नवाच्या आंत आटोपावयाचीं, दुपारीं दारें-खिडक्या लावून कुलरपुढें पडावयाचें, आणि उन्हें उतरल्यावांचून उंबरठ्याबाहेर पाऊल टाकावयाचें नाहीं, हा आपला नेम. ता. २३ मे २०१३ रोजीं येथें ४७.९ अंश सेल्सिअस उष्णतामानाची नोंद झाली होती. तेव्हां हा नेम कांहीं हौसेचा नव्हे. माणसांसाठीं आपण एवढी तरतूद करतों. परंतु त्याच दुपारीं पलंगावरील गादीवर मांडून मुलें जो लॅपटॉप तास तास चालवितात, त्यालाहि उन्हाळा बाधतो, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. यंदा तें आमच्या ध्यानांत आलें, तें घरांतल्याच एका प्रसंगामुळें.

माझा पुतण्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत आहे. त्याचा लॅपटॉप खेळांसाठीं बनविलेला, म्हणजे ग्राफिक्सची स्वतंत्र चीप असलेला आहे; अभ्यासांतील यंत्रभागांच्या आकृत्याहि तो त्यावरच काढतो. एप्रिलअखेर हें यंत्र अडखळूं लागलें. मोटारींच्या शर्यतीचा खेळ पहिलीं पंधरावीस मिनिटें सुरळीत चाले. पुढें चित्र क्षणभर थबके, उडी मारी, चाले आणि पुन्हां थबके. एका दुकानदारानें यंत्र न उघडतांच "ग्राफिक्स गेलें, बोर्ड बदलावा लागेल," असें सांगून तीस हजारांचा आंकडा काढला. आमचे दादा, म्हणजे मुलाचे वडील, यांनीं निकाल दिला कीं, हें खेळाचेंच फळ होय. लॅपटॉप विकावा आणि पुढें कॉलेजांतील संगणकावर भागवावें. मुलगा दोन दिवस नीट जेवला नाहीं. तेव्हां वहिनींनीं मला हळूच सांगितलें, "भाऊजी, तुम्ही एकदां पाहा तरी."

हा दोष समजण्यास प्रथम त्या यंत्राचें काम समजलें पाहिजे. पडद्यावरील हालचाल म्हणजे भराभर बदलणारीं स्थिर चित्रेंच होत. सेकंदाला ६० चित्रें हवीं, तर प्रत्येक चित्र सुमारें १७ मिलिसेकंदांत तयार व्हावें लागतें. एखाद्यास पन्नास-साठ मिलिसेकंद लागले कीं डोळ्याला झटका जाणवतो. हीं चित्रें काढणारी चीप शंभर वॅटपर्यंत वीज खाते आणि त्या सर्व विजेची अखेर उष्णताच होते. जुन्या शंभर वॅटच्या दिव्याला हात लावून ज्यांचा हात पोळला असेल, त्यांना ही उष्णता किती, हें सांगावयास नको. आणि येथें ती नखाएवढ्या जागेंत उत्पन्न होते. तांब्याच्या नळ्या ती उचलून पातळ पत्र्यांच्या जाळीपर्यंत नेतात व पंखा तेथून ती बाहेर लोटतो.

लॅपटॉपमधील अशा चिपेची मर्यादा बहुधा ८५ ते ९० अंशांच्या घरांत असते. ती गांठली कीं चीप जळूं नये म्हणून आपणच आपला वेग कमी करते, थोडी निवली कीं पुन्हां वाढविते, पुन्हां तापते. वेगाचा हा चढउतार म्हणजेच तें अडखळणें. उन्हांतून चालून आलेला मनुष्य ओट्यावर टेकून धाप टाकतो, त्यांतलाच हा प्रकार. तो आजार नव्हे, जीव राखण्याची युक्ति होय; मात्र ती वारंवार करावी लागत असेल, तर उष्णता कोठें तरी अडत आहे हें निश्चित.

मीं पुतण्याला म्हटलें, "आधीं मोजूं, मग बोलूं." विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्यें स्वतंत्र ग्राफिक्स चिपेचें उष्णतामान दिसतें; चिपेचा वेग व चित्रांची संख्या खेळ चालू असतांनाच पाहावयास एमएसआय आफ्टरबर्नर हें विनामूल्य साधन पुरतें. मोजमापावरहि डोळे मिटून विसंबूं नये. ता. ३० मे २०२४ रोजीं आपल्याच शहरांतील एका स्वयंचलित हवामान केंद्रानें ५६ अंश दाखविले आणि देशभर गवगवा झाला. मागाहून तेथील संवेदकच बिघडल्याचें हवामानखात्यानें सांगितलें. म्हणून आम्हीं उष्णता व वेग हे दोन्ही आंकडे एकमेकांशीं ताडून पाहिले.

सकाळीं सहा वाजतां खोलींत ३० अंश होते. तीच शर्यत अर्धा तास खेळतां चीप ८० अंशांवर स्थिरावली आणि चित्र एकदांहि अडलें नाहीं. दुपारीं तीन वाजतां, कुलर मुद्दाम बंद ठेवून, खोलींत ४१ अंश असतांना तोच प्रयोग केला. चीप ८७ अंशांवर जाऊन टेकली, वेग १७०० मेगाहर्ट्झवरून हजाराच्या खालीं घसरूं लागला, आणि चित्रें कधीं ५५ तर कधीं २५ पडूं लागलीं. काम तेंच असेल, तर खोलीची हवा व चीप यांतील अंतर साधारण तेंच राहतें. सकाळीं तें ५० अंशांचें होतें. दुपारीं त्या हिशेबानें चीप ९१ पर्यंत गेली असती, पण मर्यादा आडवी आली. बोर्ड बिघडला असता, तर सकाळीं सहालाहि तो बिघडलेलाच असता!

आतां हें ५० अंशांचें अंतर कमी करावयाचें होतें. हमीची मुदत संपलेली असल्यामुळें यंत्र बंद करून, चार्जर काढून, आम्हीं खालचें झांकण उघडलें व बॅटरीची जोडणी सोडविली. पंखा व पत्र्यांची जाळी यांच्यामध्यें धूळ, कापूस आणि कुलरच्या ताटीचे बारीक तंतु यांचा नमद्यासारखा थर जमला होता. तो मऊ कुंचल्यानें काढला. हवेचा झोत मारतांना पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें. नाहीं तर तें भलत्याच वेगानें फिरून दुखावतें. नंतर यंत्र गादीवरून उचलून लांकडी मेजावर, मागची कड दोन बोटें उंच करून ठेवलें आणि खेळाची गति सेकंदाला ६० चित्रांवर बांधून दिली. पडदा तितकींच दाखवीत असतां शंभर काढण्यांत उष्णतेवांचून दुसरें कांहींच निष्पन्न होत नाहीं. दुसऱ्या दुपारीं, त्याच ४१ अंशांत, चीप ८२ वर थांबली. अडखळणें संपलें होतें. खर्च एका कुंचल्याचा.

एवढ्यानें न भागल्यास चीप व तांबें यांमधील थर्मल पेस्ट वाळली असण्याचा संभव असतो. ती जाणत्या कारागिराकडून बदलून घ्यावी. तसेंच प्रत्येक अडखळण्याचें खापर उष्णतेवर फोडूं नये. पहिल्या मिनिटापासूनच चित्र थबकत असेल, किंवा उष्णतामान मर्यादेच्या बरेंच खालीं असेल, तर अपुरी मेमरी, जुना ड्रायव्हर, कमी वॅटचा चार्जर, किंवा केवळ बॅटरीवर खेळणें, यांपैकीं कारण शोधावें.

दोन सूचना मात्र सर्वांसाठीं. खोलींत कुलर चालू असावा; मेच्या कोरड्या हवेंत तो खोली चांगलीच निववितो आणि तितका लाभ चिपेलाहि होतो. परंतु लॅपटॉप त्याच्या झोतासमोर ठेवूं नये. पाण्याचे सूक्ष्म तुषार व त्यांतील क्षार आंत जाऊन बसतात. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. उष्णतेनें बॅटरी लवकर जीर्ण होते आणि कधीं फुगते. लॅपटॉपचें बूड फुगलेलें दिसलें किंवा टचपॅड वर उचललेलें वाटलें, तर तो तत्काळ बंद करावा, चार्जिंगला लावूं नये, व बॅटरी जाणकाराकडूनच काढवावी. चालू लॅपटॉप पांघरुणांत ठेवून झोपी जाण्याची मुलांची संवय तर कडकपणें मोडली पाहिजे; तेथें प्रश्न खेळाचा नसून आगीचा आहे.

दादांना मीं दोन्ही दिवसांचे आंकडे एका कागदावर लिहून दाखविले. त्यांनीं ते दोनदां वाचले आणि लॅपटॉप विकण्याची गोष्ट पुन्हां काढली नाहीं. खेळाचा वेळ मात्र रोज एक तासावर आणला, व त्याला माझीहि संमति आहे. मुलानें किती खेळावें हा घरच्या शिस्तीचा प्रश्न, आणि यंत्र कां अडखळतें हा शास्त्राचा. दोहोंची गल्लत केली कीं मुलावर अन्याय होतो आणि यंत्रहि सुधारत नाहीं. दरवर्षीं होळीच्या सुमारास आपण कुलर बाहेर काढून त्याच्या ताट्या बदलतों. त्याच दिवशीं लॅपटॉपच्या पंख्याचीहि धूळ काढण्याचा परिपाठ ठेवावा.