कुंडीतली चमचमती धूळ

माघ सरता सरता मोगऱ्याची छाटणी करायची आणि कुंड्यांतली माती बदलायची, हा आमच्या गॅलरीतला दरवर्षीचा उद्योग. पूर्वी त्याची सारी सामग्री फुकटात मिळे. चाळीमागची तांबडी माती, गोठ्यातले शेण, तळाला घालायला फुटक्या कौलांचे तुकडे. आता नर्सरीतून पिशव्या येतात. कोकोपीट, गांडूळखत, निंबोळी पेंड, आणि त्यांच्या जोडीला दोन पाहुणे. एक पांढरा, थर्माकोलच्या चुऱ्यासारखा हलका, त्याचे नाव परलाइट. दुसरा सोनेरी-तपकिरी, चमचमणारा, तो व्हर्मिक्युलाइट.

यंदा ही दुसरी पिशवी कात्रीने कापून मी परातीत उपडी केली, तर गॅलरीभर धुळीचा लोट उठला. उन्हात ती धूळ अशी काही लखलखली की पाच वर्षांची नात टाळ्या पिटू लागली. शेजारच्या वहिनी मात्र कठड्यावरून ओरडल्या, "अहो भावोजी, पोरीला आधी आत घ्या! त्यात ॲस्बेस्टॉस असतं म्हणतात."

'म्हणतात' या शब्दाशी माझे जुने वैर आहे. पण या वेळी मी नातीला आत घेतले, आणि मग पुढचे आठ-दहा दिवस वाचण्यात घालवले.

व्हर्मिक्युलाइटचा गांडुळाशी काही संबंध नाही, हे आधी सांगितले पाहिजे. आमच्या नर्सरीवाल्याची तशी प्रामाणिक समजूत आहे. त्याच्या मते गांडूळखत वाळवून भाजले की हे तयार होते! प्रत्यक्षात ते अभ्रकाच्या कुळातले खनिज. भट्टीत तापवले की त्याच्या पापुद्र्यांत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि खडा अळीसारखा वळवळत लांब होतो. लॅटिनमधल्या अळीच्या शब्दावरून हे नाव पडले. फुगलेले पापुद्रे पाणी आणि खते धरून ठेवतात, म्हणून बी रुजवायला ते उत्तम. परलाइटही असाच, फक्त तो ज्वालामुखीची काच. तापवला की ज्वारीच्या लाहीसारखा फुटतो. त्यात ॲस्बेस्टॉसचा प्रश्न नाही. धूळ मात्र आहे आणि ती घशाला त्रास देते.

मग वहिनींचे 'म्हणतात' आले कुठून? ते अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातून आले. तिथे लिबी नावाचे डोंगरातले जेमतेम तीन हजार वस्तीचे गाव आहे. १९१९ पासून १९९० पर्यंत अमेरिकेत विकल्या गेलेल्या व्हर्मिक्युलाइटपैकी ७० टक्क्यांहून अधिक माल या एका गावाजवळच्या खाणीतून गेला. घरांच्या भिंतींत आणि माळ्यांवर ऊब राखायला तो भरला, बागांत घातला. दुर्दैव असे की त्या खडकात ट्रेमोलाइट जातीचे ॲस्बेस्टॉस मिसळलेले होते. डोळ्यांना न दिसणारे, सुईसारखे तंतू. श्वासावाटे एकदा फुप्फुसात रुतले की ते तिथेच राहतात, आणि फुप्फुसाचा किंवा त्यावरच्या आवरणाचा रोग वीस-तीस-चाळीस वर्षांनी डोके वर काढतो.

खाणकामगार आजारी पडले, यात नवल नव्हते. पण त्यांच्या बायका आजारी पडल्या, कारण त्या धुळीने माखलेले कपडे धूत. मुले आजारी पडली, कारण बाप कामावरून आला की ती पळत जाऊन त्याला बिलगत. खाणीतला टाकाऊ माल शाळेच्या धावपट्टीवर पसरला होता. लोकांनी तो परसात, वाफ्यात घातला होता. १९६३ पासून खाण डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीकडे होती. नोव्हेंबर १९९९ मध्ये सिॲटलच्या एका दैनिकात अँड्र्यू श्नायडर या वार्ताहराने हे सारे छापले, तेव्हा देश जागा झाला. दोन हजारांवर माणसांना रोग जडल्याचे पुढे निष्पन्न झाले, शेकडो दगावली. २००८ मध्ये साफसफाईपोटी २५ कोटी डॉलर द्यायचे कंपनीने कबूल केले. २००९ मध्ये फौजदारी खटल्यातून मात्र कंपनी आणि तिचे अधिकारी निर्दोष सुटले, आणि त्याच वर्षी सरकारने लिबीत सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली. दोन्ही गोष्टी महिना-दीड महिन्याच्या अंतराने झाल्या.

बागेचा विषय यातूनच निघाला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दुकानांतल्या बागकामाच्या पिशव्या तपासल्या. २००० साली तिने जाहीर केले, की काही पिशव्यांत ॲस्बेस्टॉस सापडले. अधूनमधून कुंड्या भरणाऱ्याला धोका अगदी थोडा, तो माल रोज हाताळणाऱ्याला जास्त. सल्ला साधा होता. काम उघड्या हवेत करा, माल ओला ठेवा, धूळ कपड्यांवरून घरात आणू नका, आणि जमल्यास आधीच मिसळलेली माती घ्या.

लिबीची खाण बंद होऊन आता तीन दशके उलटून गेली. आजचा माल दक्षिण आफ्रिकेतून, ब्राझीलमधून, चीनमधून येतो. आपल्याकडे तमिळनाडूत आणि आंध्रातही त्याचे साठे आहेत. सगळ्याच खाणी लिबीसारख्या नसतात. व्हर्मिक्युलाइट म्हणजे ॲस्बेस्टॉस नव्हे. तेव्हा घाबरून पिशव्या फेकून देण्याचे कारण नाही, हे मी वहिनींना सांगितले. "पण ही पिशवी कुठल्या खाणीतली?" त्यांनी विचारले. मी चष्मा लावून पिशवी वाचली. वजन होते, किंमत होती, गुलाबाचे चित्र होते, 'शंभर टक्के नैसर्गिक' असेही होते. खाण नव्हती. तपासणीचा उल्लेख नव्हता. आणि नैसर्गिक तर ॲस्बेस्टॉसही असते.

माझी तक्रार आहे ती इथे. बिस्किटाच्या पुड्यावर मैद्यापासून मिठापर्यंत सारे छापतात. मग जमिनीतून खणून काढलेली वस्तू आपल्या गॅलरीत येते तेव्हा ती कुठून आली आणि कोणी तपासली, एवढ्या दोन ओळी छापायला काय हरकत आहे?

आता थोडे माझ्याविषयी, कारण ते न सांगता हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. या वाचनाच्या ओघात एका रात्री मी उठून बसलो. दोन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीच्या गच्चीवरची शेड काढली. तिचे सिमेंटचे पत्रे, म्हणजे ज्यांना सगळे ॲस्बेस्टॉसचेच पत्रे म्हणतात ते, तिथे पडले होते. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाला घालायला तुकडे हवे होते. कौले मिळत नव्हती. मी हातोडी घेऊन दोन पत्रे फोडले, कोरडेच, आणि नात बादलीत तुकडे भरत होती. पिशवीतल्या संशयाला मी एवढा बिचकलो. ज्याच्या नावातच ॲस्बेस्टॉस आहे, त्यावर मात्र खुशाल हातोडी चालवली! एका दुपारच्या धुळीने काही होत नाही, असे डॉक्टर म्हणाले, आणि ते बहुधा खरे आहे. मी सत्तरीचा आहे. चाळीस वर्षांनी होणाऱ्या आजाराचे मला भय नाही. तिचे गणित वेगळे आहे.

धूळ आपल्याला कधी शत्रू वाटतच नाही. आमच्या पिढीने शाळेत पाटीवर गिरवले, त्या पाटीवरच्या पेन्सिली मध्य प्रदेशात मंदसौरला कापल्या जात. कापणारे कामगार दगडाच्या धुळीने ऐन तारुण्यात सिलिकोसिसने खोकून मेले. आम्हाला गुरुजींनी ते कधी सांगितले नाही; त्यांनाही ठाऊक नसावे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात निकाल दिला, की कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि त्याच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर ठेवली पाहिजे. ज्याचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही, त्याची नोंद कोण ठेवणार?

कुंडीचे भागतेही याच्याशिवाय. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातून स्फूर्ती घेऊन मुंबईच्या गच्च्यांवर रसवंतीची चिपाडे आणि पालापाचोळा कुजवून भाजी पिकवणारी माणसे निघालीच ना! पण बी रुजवायला मला व्हर्मिक्युलाइट आवडते, हे कबूल करतो. म्हणून आता पिशवीचे तोंड थोडेसेच उघडतो, झारीने आत पाणी घालतो, चांगले ओले झाले की मग हात घालतो. नात तोवर आत असते.

गेल्या रविवारी नर्सरीत गेलो होतो. मागच्या शेडमध्ये सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा मोठ्या पोत्यातून प्लास्टिकच्या मगाने लहान पिशव्या भरत होता. त्याच्या भुवया, केस, मनगटापर्यंतचे हात सोनेरी झाले होते. मी त्याला म्हटले, "बाबा, जरा पाणी शिंपडून भर की."

"ओलं केलं तर वजन वाढतं, काका," तो म्हणाला. "गिऱ्हाईक भांडतं."

"मला ओलंच दे," मी म्हटले. त्याने मालकाकडे पाहिले.